घरचें विज्ञान : फडताळांतील बियाणें

वैशाखांत वर्षाच्या बेगमीचे दिवस आले म्हणजे आमच्या घरीं कोठीची खोली एकदां पूर्ण रिकामी होते. डबे उन्हांत जातात, पोतीं झटकलीं जातात, फडताळांतले कागद बदलले जातात आणि ज्या कोंपऱ्यांकडे वर्षभर कोणाचें लक्ष गेलेलें नसतें त्यांच्यावर प्रथमच उजेड पडतो. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका आवराआवरींत काकूंना फडताळाच्या मागच्या फळीवर व तांदळाच्या एका जुन्या पोत्याच्या शिवणींत काळसर-तांबूस रंगाच्या दहा-बारा बिया आढळल्या. काकूंनीं चष्मा लावलेला नव्हता. त्यांनीं बोटांनीं चांचपून पाहिलें, आणि "गेल्या वर्षींची तांबडी चवळी सांडलेली दिसते, परसांत लावावयाला होईल," असें म्हणून उलथन्याच्या टोंकानें त्या अलगद खरवडून काढल्या, कागदाच्या पुडींत बांधल्या आणि बियाण्यांच्या डब्यांत ठेवून दिल्या. चवळीचा दाणा फळीला चिकटून कसा बसेल, हा प्रश्न त्या गडबडींत कोणालाच सुचला नाहीं.

मृगाचा पहिला पाऊस पडला तशी काकूंना परसाची आठवण झाली. डबा घेऊन त्या पाटावर बसल्या. पुडी सोडली मात्र, तोंच तिच्यांतून मुंगीएवढे पन्नास-साठ जीव चहूंकडे धांवत सुटले. काकू ताडकन् उठल्या. मुलांनीं आरडाओरड केली. डबा अंगणांत नेऊन उपडा करण्यांत आला. सर्व शांत झाल्यावर पुडींतल्या त्या 'बिया' मीं हातांत घेऊन पाहिल्या. एकहि फुटलेली दिसत नव्हती. सगळ्या जशाच्या तशा मिटलेल्या होत्या. केवळ हलक्या झाल्या होत्या. तें चवळीचें बियाणें नव्हतें. त्या झुरळाच्या अंड्यांच्या डब्या होत्या.

हा प्रसंग हंसण्यावारी गेला असता. परंतु त्याच्यामागें दुसरी एक गोष्ट होती. त्या वर्षीं घरांत झुरळें फार झालीं होतीं. मार्गशीर्षांत लग्न होऊन आलेल्या आमच्या धाकट्या भावजयीच्या हातीं नुकतेंच स्वयंपाकघर आलें होतें. तिला उघड कोणी कांहीं बोलत नसे. पण "पूर्वीं आपल्या घरीं झुरळ औषधालासुद्धां सांपडत नसे," हें वाक्य दिवसांतून एकदां तरी कोणाच्या ना कोणाच्या तोंडून निघे, आणि तें कोणास उद्देशून आहे हें सर्वांस कळे. तिलाहि कळे. रात्रीं निजानीज झाल्यावर ती पुन्हां एकदां ओटा धुवून काढी आणि मोरीवर कढत पाणी ओती. ती बिचारी निर्दोष आहे हें सिद्ध करणारा पुरावा त्या पुडींतच होता. तो वाचतां येत नव्हता एवढेंच. तो वाचावयाचा तर झुरळाचा जन्म कसा होतो हें ठाऊक पाहिजे. प्रत्येक गृहिणीनें, आणि गृहस्थानेंहि, हें ज्ञान करून घ्यावें असें वाटल्यावरून या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

प्रथम लक्षांत ठेवावयाची गोष्ट ही कीं, झुरळ आपलीं अंडीं सुटीं घालीत नाहीं. मादीच्या पोटांत तीं तयार झालीं म्हणजे दोन रांगांत उभीं रचलीं जातात आणि त्यांच्याभोंवतीं एक कवच चढतें. हें कवच दोन वेगवेगळ्या ग्रंथींच्या रसांपासून होतें. दोन्ही रस निराळे आहेत तोंपर्यंत कांहीं घडत नाहीं. ते एकत्र मिसळले कीं त्यांच्यांत रासायनिक क्रिया सुरू होते, आणि आरंभीं मऊ व पांढरें असलेलें कवच हळूहळू कठीण व तांबूस होत जातें. कच्चें कातडें कमावून टिकाऊ करतात त्याच जातीची ही क्रिया आहे. मादीच्या शेपटाकडून ही डबी थोडी थोडी बाहेर येत असतां ज्यांनीं पाहिली असेल त्यांना वाटलें असेल कीं झुरळानें तोंडांत कांहीं धरावें तसें तें मागें धरलें आहे.

या डबीला घरांतलीच उपमा द्यावयाची तर ती एक अगदीं लहान करंजी समजावी. करंजीला जशी एका बाजूस मुरड असते तशीच हिच्या वरच्या कडेस बारीक दांत्यांची शिवण असते, आणि या शिवणींतून आंतल्या अंड्यांस हवा मिळते. पिलें पूर्ण वाढलीं म्हणजे तीं सर्व एकाच वेळीं हवा गिळून अंग फुगवितात. एकट्यादुकट्याच्या हातून जें झालें नसतें तें सर्वांच्या एकवटलेल्या जोरानें होतें : शिवण उकलते, पिलें बाहेर पडतात आणि त्यांच्यामागें शिवण आपोआप पूर्ववत् मिटते. आमच्या पुडींतल्या डब्या अखंड कां दिसत होत्या याचें उत्तर हें आहे. म्हणून डबी सांपडल्यावर ती न फुटलेली पाहून 'अजून वेळ आहे' असें कोणी समजूं नये. चिमट्यानें किंवा काडीनें दाबून पाहावें. भरलेली डबी घट्ट लागते व दाबल्यावर तिच्यांतून पांढुरका द्रव येतो. रिकामी डबी वाळक्या सालासारखी चुरते.

नुकतें जन्मलेलें पिलूं पांढरें असतें. कांहीं तासांत तें तपकिरी होतें. पुढें वाढत असतांना तें वारंवार कात टाकतें आणि प्रत्येक वेळीं थोडा काळ पुन्हां पांढरें दिसतें. घरांत 'पांढरें झुरळ' दिसल्याचें पुष्कळजण नवलानें सांगतात. तें निराळ्या जातीचें नसून नुकतीच कात टाकलेलें आपलें नेहमींचेंच झुरळ असतें. पिलांस पंख नसतात. झुरळाच्या जन्मांत अळी किंवा कोश हा प्रकारच नाहीं. पिलूं म्हणजे पंखांवांचूनचें लहान झुरळच.

आतां जातींविषयीं. आपल्याकडील घरांतून मुख्यतः तीन जाती आढळतात, आणि तिघींच्याहि डब्या व संवयी निरनिराळ्या आहेत. पैकीं पहिलें तें मोठें, तांबूस, चार सेंटिमीटरपर्यंत लांब, मोरींतून येणारें झुरळ. लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५८ सालीं त्यास अमेरिकेचें नांव दिलें. परंतु तें मूळचें आफ्रिकेंतलें असून जहाजांतून अमेरिकेंत गेलें. दुसरें तें लहान, दीड सेंटिमीटरच्या आंतलें, डोक्यामागें दोन काळ्या उभ्या रेघा असलेलें फिकट तपकिरी झुरळ. त्याला त्याच शास्त्रज्ञानें १७६७ सालीं जर्मनीचें नांव दिलें, तेंहि चुकलें. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून असें दिसतें कीं, हें झुरळ सुमारें २१०० वर्षांपूर्वीं भारत अथवा ब्रह्मदेश या भागांत एका रानटी आशियाई जातीपासून निपजलें आणि माणसांच्या सामानाबरोबर जगभर पसरलें. म्हणजे ज्याला आपण परदेशी समजून नाक मुरडतों तें बहुधा आपल्याच बाजूचें निघालें! तिसरें झुरळ आकारानें दुसऱ्याएवढेंच. पण त्याच्या अंगावर फिकट आडवे पट्टे असतात, म्हणून त्यास आपण पट्टेरी झुरळ म्हणूं.

मोठ्या झुरळाची डबी चवळीच्या दाण्याएवढी, म्हणजे सुमारें आठ मिलिमीटर लांब, गडद तांबूस ते काळसर असते. तींत साधारण चौदा ते सोळा अंडीं असतात. मादी ती एक-दोन दिवसच बाळगते. नंतर पाण्याच्या व खाण्याच्या जवळपासची एखादी आडोशाची जागा पाहून तेथें ती लाळेनें चिकटविते, आणि कित्येकदां तिच्यावर कचरा-भुसा लावून ती झांकते. हिचा शोध मोरीच्या जाळीखालीं, ओट्याखालच्या अंधाऱ्या कप्प्यांत, गोणपाटाच्या शिवणींत, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या घड्यांत, लांकडाच्या फटींत व माळ्यावरील अडगळींत करावा.

जर्मन म्हटल्या जाणाऱ्या लहान झुरळाची रीत याहून अगदीं वेगळी. त्याची डबी फुगीर तांदळाच्या दाण्यासारखी, लांबट, फिकट तपकिरी असून तिच्यावर आडव्या बारीक रेघा दिसतात. तिच्यांत तीस ते चाळीस अंडीं असतात. ही मादी आपली डबी कोठेंहि ठेवीत नाहीं. तीन-चार आठवडे ती पाठीमागें वागवीत फिरते, आणि पिलें निघावयास एखादा दिवस राहिला म्हणजे, किंवा पिलें निघतां निघतां, ती टाकते. यावरून एक उपयुक्त अनुमान निघतें. या जातीची टाकलेली डबी तुम्हांस घरांत मिळाली तर ती बहुधा रिकामी असते, आणि तिच्या आसपास कोठें तरी तीस-चाळीस पिलें आधींच लपलेलीं आहेत असें समजावें. शेगडीच्या खालची बाजू, शीतकपाटाच्या दाराची रबरी पट्टी, मिक्सरचें बूड, बिजागऱ्या आणि ओट्याच्या फरशांमधील भेगा हीं या झुरळांचीं आवडतीं ठिकाणें होत.

पट्टेरी झुरळाची डबी मुगाएवढी, सुमारें पांच मिलिमीटरची, पिंवळट-तांबूस असते व तिच्यांत दहा ते अठरा अंडीं असतात. या जातीस ओलाव्याची विशेष गरज नसते. तिला उंच, कोरड्या व उबदार जागा आवडतात. त्यामुळें स्वयंपाकघर लख्ख ठेवणाऱ्यांच्याहि घरीं हिच्या डब्या देवघरांतल्या तसबिरींमागें, भिंतीवरील घड्याळांत, पलंगाच्या सांध्यांत, पुस्तकांच्या कपाटांत आणि पोथ्यांच्या बासनांत चार-सहा एकत्र चिकटविलेल्या आढळतात. पुस्तकांच्या बांधणींतली खळ हें झुरळांचें आवडतें खाद्य आहे. ज्या घरीं आजोबांच्या हातच्या पोथ्या आहेत त्यांनीं वर्षांतून एकदां तरी बासनें सोडून पाहावींत.

उंदराची लेंडी व झुरळाची डबी यांत पुष्कळांची फसगत होते. लेंडी दोन्ही टोंकांस निमुळती असते आणि तिला शिवण नसते. डबीचीं टोंकें बोथट असतात व एका कडेस मुरड स्पष्ट दिसते. स्वतः झुरळाची विष्ठा तर मिऱ्याच्या भरड पुडीसारखी दिसते. ती जेथें दाट पडलेली असेल तेथें आसपास डब्या शोधाव्या. तो त्यांच्या वसतीचा पत्ताच होय.

हें झालें ओळखण्यापुरतें. परंतु खरा महत्त्वाचा भाग कालगणनेचा आहे. मोठ्या झुरळाच्या डबींतून पिलें निघण्यास हवेंतील उष्णतेप्रमाणें सुमारें एक ते दोन महिने लागतात. पुढें तें पिलूं दहा-तेरा वेळां कात टाकून पूर्ण वाढतें, त्यास आणखी सहा महिन्यांपासून वर्षभराचा किंवा त्याहून अधिक अवधि लागतो. म्हणजे आज तुमच्या मोरींत दिसलेलें मोठें, पंखांचें झुरळ सात महिन्यांपूर्वींच्या, आणि बहुधा वर्षापूर्वींच्या, एखाद्या डबींतलें असतें. आज दिसणारें झुरळ हें आजच्या अस्वच्छतेचें फळ नसून गेल्या वर्षींच्या दुर्लक्षाचें फळ आहे, किंवा तें शेजारच्या गटारांतून तयार होऊनच आलेलें आहे. दोहोंपैकीं कोणतेंहि कारण खरें धरलें तरी काल ज्याच्या हातीं स्वयंपाकघर आलें त्याच्याकडे बोट दाखविण्यास जागा नाहीं.

आमच्या घरची गोष्ट याच गणितानें सुटली. काकूंना सांपडलेल्या डब्या चैत्र-वैशाखांत घातलेल्या असाव्या. त्या घालणाऱ्या माद्या त्या वेळीं पूर्ण वाढलेल्या होत्या. म्हणजे त्यांचा स्वतःचा जन्म, कमींत कमी धरलें तरी, आदल्या श्रावण-भाद्रपदांतल्या अंड्यांतून झाला होता. भावजय घरांत आली ती मार्गशीर्षांत. झुरळें तिच्या आधीं आलेलीं होतीं! शिवाय जुन्या पोत्यांची ती थप्पी, आणि तिच्याशेजारीं पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून ठेविलेले मासिकांचे जुने अंक, हीं 'कधीं तरी लागतील' म्हणून न टाकण्याचा हट्ट कोणाचा होता हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. तो माझा होता. मीं हें गणित कागदावर मांडून रात्रीं जेवणाच्या वेळीं सर्वांपुढें वाचून दाखविलें. कोणी कांहीं बोललें नाहीं. काकूंनीं भावजयीच्या पानांत स्वतः होऊन तूप वाढलें. आमच्याकडे चूक कबूल करण्याची हीच रीत आहे.

लहान झुरळाचें गणित याहून भयंकर. त्याची वाढ दोन-तीन महिन्यांत पूर्ण होते. एका डबींतून छत्तीस पिलें निघालीं व त्यांतील निम्म्या माद्या धरल्या, तर अठरा माद्यांच्या केवळ पहिल्या-पहिल्या डब्यांतून अठरा गुणिले छत्तीस, म्हणजे ६४८ पिलें होतात, आणि हें सर्व सहा-सात महिन्यांच्या आंत! एक मादी आपल्या आयुष्यांत अशा चार-आठ डब्या वाहते. पुष्कळ पिलें मरतात हें खरें. तरी उरलेलीं एका घरास पुरीं पडतात. नराशीं एकदां संबंध आला म्हणजे मादी त्याचें बीज पोटांत सांठवून पुढच्या डब्यांसहि तेंच वापरते. मोठ्या जातीची मादी तर याच्याहि पुढें गेलेली आहे : नर मुळींच नसला तरी ती अंडीं घालते आणि त्यांतून माद्याच जन्मतात. जपानमधील होक्काइदो विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१७ सालीं दाखविलें कीं, तीन किंवा अधिक माद्या एकत्र ठेविल्यास अशा नरावांचूनच्या डब्या एकट्या मादीपेक्षां लवकर तयार होतात. तेव्हां 'एकच तर राहिलें आहे' या समजुतींत कोणी राहूं नये.

आपल्याकडे असा एक समज आहे कीं, झुरळ पायाखालीं चिरडलें म्हणजे त्याचीं अंडीं तळव्याला चिकटून घरभर पसरतात. अंडीं कठीण डबींत बंद असल्यामुळें असें होत नाहीं. मात्र लहान जातीची डबी वागविणारी मादी मारली आणि तिची डबी पक्व झालेली असली, तर आई मेल्यावरहि तिच्यांतून पिलें निघूं शकतात. म्हणून अशी मादी केरांत टाकण्यापूर्वीं तिची डबीहि चिरडलेली आहे कीं नाहीं हें पाहावें.

एवढी खटपट कशासाठीं, असें कोणी विचारील. किळस हें एक कारण आहेच. मोरींतून निघून ताटावर चढणाऱ्या जीवाच्या पायांबरोबर रोगजंतु येतात हेंहि सर्वांस माहीत आहे. परंतु ज्या घरीं दम्याचें मूल आहे त्यांनीं आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. झुरळाची विष्ठा, लाळ आणि टाकलेली कात यांचे सूक्ष्म कण धुळींत मिसळतात व श्वासावाटे आंत जातात. अमेरिकेंतील शहरांच्या आठ भागांतल्या दमेकरी मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष १९९७ सालीं प्रसिद्ध झाले. ज्या मुलांस झुरळाचें वावडें होतें आणि ज्यांच्या निजावयाच्या खोलींतल्या धुळींत हे कण अधिक होते, त्यांच्यावर रुग्णालयांत राहण्याची पाळी इतर मुलांच्या तिपटीहून अधिक वेळां आली होती. झुरळ मेलें तरी त्याची कात व विष्ठा मागें राहते; म्हणून मारून भागत नाहीं, फडताळ ओल्या फडक्यानें पुसून घ्यावें लागतें. अशा घरीं कोरड्या झाडूनें धूळ उडवूं नये, आणि त्या वेळीं मुलास तेथें बसवूं नये.

आतां उपाय. बाजारी फवाऱ्यानें फिरतीं झुरळें मरतात, पण डबीच्या कवचांतून औषध आंत जात नाहीं. फवारा मारून आठ-पंधरा दिवस घर शांत राहतें आणि महिन्यानें पुन्हां बारीक पिलें दिसूं लागतात, तेव्हां 'औषध बनावट निघालें' म्हणून आपण दुकानदारास दोष देतों. वस्तुतः तीं पिलें त्या वेळीं डबींत सुरक्षित होतीं. डांबराच्या गोळ्या, लवंगा, तमालपत्र यांच्या वासानें फार तर झुरळ या कप्प्यांतून त्या कप्प्यांत जाईल. फळीला चिकटलेली डबी कोठें जाणार?

म्हणून पहिला उपाय डबी वेंचण्याचा. रात्रीं दिवे मालवल्यावर तासाभरानें बॅटरी घेऊन झुरळें कोठून निघतात तें पाहावें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच जागा खरवडाव्या. निघालेल्या डब्या केराच्या टोपलींत टाकूं नयेत. तेथें त्या सुखानें उबतील. त्या चिरडाव्या, किंवा कढत पाण्यांत टाकाव्या. दुसरा उपाय आमिषाचा. बोरिक पावडर, कणीक व पिठीसाखर सारख्या प्रमाणांत घेऊन दुधाच्या शिंतोड्यांनीं गोळ्या वळाव्या आणि झुरळांच्या वाटेवर, फटींच्या तोंडाशीं, ठेवाव्या. ही पावडर खाण्यांत गेली तर मुलांस विषारी आहे, म्हणून गोळ्या मुलांच्या व पाळीव जनावरांच्या हातीं-तोंडीं लागणार नाहींत अशाच जागीं असाव्या, आणि त्या वळण्याचें भांडें पुन्हां स्वयंपाकांत घेऊं नये. हा उपाय सावकाश लागू पडतो, पण आमिष तेथेंच राहत असल्यामुळें मागाहून जन्मलेलीं पिलेंहि त्यांत सांपडतात. एक सूचना : लहान जातींतील कांहीं झुरळें द्राक्षशर्करेच्या, म्हणजे ग्लुकोजच्या, आमिषास तोंड लावीत नाहींत, असें अमेरिकेंत १९९३ सालीं प्रसिद्ध झालें, पुढें २०१३ सालीं उलगडा झाला कीं, त्यांच्या जिभेस ती गोडी कडू लागते. तेव्हां गोड आमिष चालेनासें झालें तर बाजारांतील निराळ्या जातीचें आमिष वापरावें.

तिसरा, आणि सर्वांत विसरला जाणारा, उपाय म्हणजे पंचांगाचा. पहिली मोहीम झाल्यावर भिंतीवरील दिनदर्शिकेवर खूण करावी. लहान झुरळें असतील तर दर पंधरा दिवसांनीं दोन महिने, आणि मोठीं असतील तर दर महिन्यास तीन महिने, पुन्हां पाहणी करून आमिष बदलावें. पहिल्या दिवशीं ज्या डब्या नजरेंतून निसटल्या त्यांतील पिलें या अवधींत बाहेर येतात, आणि त्यांनीं स्वतःच्या डब्या घालण्यापूर्वींच त्यांस गांठावयाचें असतें. यांत एकदां खंड पडला कीं मागचे सर्व श्रम व्यर्थ. सोबतच मोरीस बारीक जाळी बसवावी, रात्रीं ओटा कोरडा करून निजावें, वाण्याकडून आलेलें पुठ्ठ्याचें खोकें त्याच दिवशीं घराबाहेर काढावें, आणि गोण्या झटकल्यावांचून आंत घेऊं नयेत.

शेवटीं एका मित्राची ओळख करून द्यावयाची आहे. खिडकीच्या कांचेवर कधीं कधीं एक काळी, सडपातळ गांधीलमाशी दिसते. तिच्या पोटाचा भाग लहान, चपटा, एका बारीक दांड्यावर बसविलेल्या झेंडीसारखा असतो, आणि ती तो सारखा वरखालीं हलविते. घरांतलीं माणसें भीतीनें तिला मारतात. ती माणसास त्रास देत नाहीं. ती मोठ्या झुरळाच्या डब्या शोधीत असते. डबी सांपडली म्हणजे ती तिच्यांत एक अंडें घालते. त्यांतून निघालेली अळी डबींतलीं सर्व अंडीं खाऊन टाकते, आणि पुढें त्या डबीस एक वाटोळें भोंक पाडून नवी माशी बाहेर येते. शिवण मिटलेली आणि बाजूस वाटोळें भोंक अशी डबी तुम्हांस मिळाली तर त्या डबीचा निकाल तिनें लावला असें समजावें. दिसेल त्या किड्यावर फवारा मारणारे लोक आपल्या या फुकटच्या पहारेकरणीसहि मारतात. घरांत ती वारंवार दिसूं लागली तर मात्र कोठें तरी डब्या आहेत अशी ती वर्दी समजून शोध घ्यावा.

आमच्या आजींस जीवहत्येचा फार तिटकारा होता. झुरळ दिसलें तर त्या सुपांत धरून अंगणांत सोडीत. त्यांच्यासारख्या मनाच्या वडील माणसांस एवढेंच सांगणें आहे कीं, वेळीं वेंचलेली एक डबी पुढें शेंकडों जीव मारण्याचा प्रसंग टाळते. आणि ज्या घरांत आतां नवी सून आली आहे त्या घरांतील वडिलांस सांगणें आहे कीं, झुरळ दिसल्यास प्रथम मागील वर्षाचा हिशेब काढावा. आमच्या घरीं ती जुनी पोतीं आणि खोकीं त्याच आठवड्यांत गेलीं. काकूंच्या बियाण्यांच्या डब्यांत आतां प्रत्येक पुडीवर बियांचें नांव लिहिलेलें असतें. तें नांव लिहिण्याचें काम भावजयीकडे आहे, आणि चष्मा लावल्यावांचून पुडी बांधावयाची नाहीं असा नियम काकूंनीं स्वतःच घालून घेतला आहे.